तीन वेळा कुलूप

१४ जानेवारी, लातूर

एजन्सीनं आज सगळ्यांना एकेक डायरी दिली. वर छापलंय 'क्षेत्रीय नोंदी'. नोंदी तर टॅबमध्ये भरायच्या, मग डायरीत काय लिहायचं हे कुणालाच माहीत नाही. म्हणून मी माझंच लिहून राहिलो.

काम असं आहे. बंद पडलेल्या डाळमिलच्या मागं एक वस्ती आहे, तिला लोक 'मिलमागं' म्हणतात. चारशे बारा घरं. मिलमध्ये हमाली करणाऱ्यांनी पत्रे ठोकून उभी केलेली. मिल गेली, माणसं राहिली. आता हे सगळं पाडून सात मजली इमारत होणार. ज्याचं घर आमच्या सर्व्हेत आलं त्याला तिथं एक खोली. ज्याचं नाही आलं त्याला काही नाही.

आम्ही दारावर लाल ऑइलपेंटनं नंबर टाकायचा, घरमालकाला दारात उभं करून फोटो काढायचा, कागदांचे फोटो काढायचे, घरात किती माणसं ते भरायचं. कुलूप असलं तर कुलपाचा फोटो. असं तीन वेगवेगळ्या दिवशी जायचं. तिन्ही वेळा कुलूप, तर ते घर 'रहिवासी नाही' म्हणून बंद. बाहेरचे लोक नुसते पत्रे ठोकून, कुलूप लावून खोली मागतात, म्हणून हा नियम. आमचे सुपरवायझर अंबरीश सर, नांदेडचे, इंजिनियर आहेत. त्यांनी हे दोनदा समजावलं. पहिल्यांदा मी मिलच्या धुराड्यातून पिंपळ उगवलाय तो बघत होतो. दुसऱ्यांदा अर्धं ऐकलं.

आयटीआय एक वर्ष, पुण्यात गोडाऊन आठ महिने, हैदराबादला फरशीचं दुकान एक पावसाळा. हे किती दिवस टिकतंय बघू.

१७ जानेवारी

आज ११७ नंबरच्या दारावर आकडा काढत होतो तर आतून आवाज, "सात नीट काढ रे. माझ्या दारावर वाकडंतिकडं नगं."

म्हातारी बाहेर आली. शांतम्मा. निलंग्याच्या पलीकडली, कर्नाटकाच्या शिवेवरची, निम्मं बोलणं कानडी. नवरा मिलमध्ये हमाल होता, वारला. एकटीच असते. मी म्हणालो, "मावशी, फॉर्म भरायचाय. कागदं काढा."

"कागदं पेटीत हायती. ऊटा आतेनु?"

म्हणजे जेवलास का. मी नाही म्हणालो. खरं तर वडापाव खाल्ला होता.

ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरून कच्चं तेल. कितीतरी दिवसांनी कुणीतरी समोर बसून माझं जेवण बघत होतं. मी हैदराबादला होतो असं बोलण्यात आलं तशी ती सरकून जवळ बसली.

"तिथं माझा बालाजी दिसला का तुला?"

मी हसलो. हैदराबाद केवढं आहे! मग म्हणालो, "दिसला पण असंल मावशी. मी कुठं ओळखत होतो."

तिला ते पटलं. "व्हय, दिसला असंल," म्हणाली. आणखी एक भाकरी वाढली. फॉर्म राहिलाच.

२४ जानेवारी

रोज दुपारी ११७ लाच डबा सोडतो. म्हणजे डबा नसतोच माझ्याकडं, ती देते.

बालाजीचं मला माणिकप्पानं सांगितलं. माणिकप्पा तिच्यापासून तिसऱ्या घरात राहतो, मिलमध्ये हमालांचा मुकादम होता, अजून त्याच आवाजात बोलतो. "सा वर्सं झाली पोराला जाऊन. पैली दोन वर्सं फोन यायचा. मंग त्यो बी बंद. आमी इचारत न्हाई आन् ती सांगत न्हाई."

आज तिनं पेटी काढली. मी टॅब उघडला. प्रश्न आला, घरात सध्या राहणाऱ्या व्यक्ती.

"बालाजीला धरायचं का?"

"सध्या राहतो का?"

"आता सध्या न्हाई."

"मग नाही धरता येत मावशी."

तिनं पेटीचं झाकण पाडलं. "आज सुक्रवार हाय. सुक्रवारी पेटी उघडत न्हाई मी."

मी बरं म्हणालो. मलाही घाई नव्हती. पण दिवसाला पंचवीस भेटी भराव्या लागतात आणि माझ्या चोवीस झालेल्या. उन्हात उठून परत फिरायचा कंटाळा आला होता. कुलुपाची नोंदही भेट म्हणून धरतात. मी म्हणालो, "मावशी, दाराला जरा कुलूप लावता का? फोटो काढतो. नंतर बदलून टाकू."

"आत बसून लावू का भायेर येऊन?"

लई हसली. बाहेर येऊन कडी घातली, कुलूप अडकवलं, मला म्हणाली, "काढ बाबा माज्या कुलपाचा फोटू." पहिल्या फोटोत तिचा हात आला. म्हणून दुसरा काढला.

३१ जानेवारी

परत शुक्रवार. परत चोवीस. कुलूप तिनं आधीच हातात घेऊन ठेवलेलं. "आज बी लावू?" लावलं.

आक्काचा फोन आला होता. उज्वलाआक्का, माझी थोरली बहीण, बिलोलीला दिली आहे. दर पंधरा दिवसांनी लावते. मी उचलला नाही. शांतम्मा म्हणाली, "कोन?"

"कंपनीचा."

"कंपनीचा साहेब कुंकू लावतो व्हय रे?"

फोनवर आक्काचा फोटो येतो हे ध्यानातच नव्हतं. मी फोन खिशात टाकला. तिनं ताक दिलं नाही आज. संपलं असेल.

१० फेब्रुवारी

माझ्या वाट्याची सगळी घरं झाली, ११७ सोडून. गल्लीत सगळ्यांना वाटतं मी फार मन लावून काम करतो, कारण काम संपलं तरी रोज येतो. हे घर भरलं की माझं मिलमागचं काम संपलं. मग मला शहराच्या दुसऱ्या टोकाला टाकणार आहेत.

आज पेटी उघडायची असं ठरवून गेलो होतो. तिनं पावट्याची उसळ केली होती. माणिकप्पा येऊन बसला, मिलमध्ये पोती फुटली तेव्हा गल्लीभर तूर कशी वाहिली ती गोष्ट लागली. मग ऊन उतरलं. आजची भेट तर भरायलाच पाहिजे. कुलूप लावलं, फोटो काढला. टॅबवर आलं, 'तिसरी भेट. नोंद बंद करायची?' मी हो दाबलं. दुसरं बटणच नव्हतं.

माणिकप्पा म्हणाला, "ह्ये काय खेळ लावलाव बे तुमी दोगांनी?"

"बंद नोंद सर उघडून देतात, वीस तारखेपर्यंत," मी म्हणालो. आहेत दहा दिवस.

१८ फेब्रुवारी, किनवट

इथं कसा आलो ते लिहून ठेवतो, नाहीतर मलाच समजायचं नाही.

काल सरांनी तीन बिघडलेले टॅब घेऊन नांदेडच्या ऑफिसला पाठवलं. टॅब दिले, चहा पिला. लातूरची एसटी दोन तासांनी होती. वेळ घालवायला म्हणून स्टेशनवर गेलो तर आदिलाबादची गाडी उभी. किनवट वाचलं आणि चढलो. सहावी ते नववी मी इथं बोर्डिंगच्या शाळेत होतो. बापूंनी, माझ्या वडिलांनी, नेऊन सोडलं होतं.

बोर्डिंग तसंच आहे. दोरीवर साठ-सत्तर सारखेच शर्ट वाळत होते. प्रत्येकाच्या कॉलरला आत नंबर. माझा बेचाळीस होता. फाटकाजवळ उभा राहिलो तर एक माणूस आला. "कुणाला भेटायचंय?"

"कुणाला नाही."

"मग?"

मी मागं फिरलो. एका लाकडाच्या वखारीवाल्यानं बोलण्याबोलण्यात मुक्कामाला ठेवून घेतलं, उद्या जंगलातल्या एका गावाला नेतो म्हणाला. जाऊन येतो. वीस तारखेला लातूर.

२१ फेब्रुवारी, लातूर

काल पोचायला संध्याकाळ झाली. जंगलात फोन लागत नव्हता. सरांचे सहा मिस कॉल.

आज सकाळी ऑफिसात गेलो. म्हणालो, सर, ११७ उघडून द्या. सर म्हणाले, "काल पाच वाजता सगळा डेटा वर गेला. आता मलाही उघडत नाही. काय आहे ११७?"

मी सांगितलं. सरांनी स्क्रीनवर काढलं. बराच वेळ बघत बसले.

"तीन फोटो आहेत, सोमेश. तीन तारखा. लोकेशन अगदी दारातलं. याहून चोख नोंद माझ्याकडे दुसरी नाही."

"पण सर, ती आतच असते."

"मग कुलूप कुणी लावलं?"

"तिनंच."

सरांनी स्क्रीन बंद केली. मग म्हणाले, हरकतीची मुदत असते, कुणी हरकत घेतली तर बघू, तोवर तू हे कुणाला बोलू नकोस.

नव्या वॉर्डात काम सुरू. पेंट संपत आलाय.

६ मार्च

दोन आठवडे मिलमागं गेलो नाही. काम होतं. म्हणजे रोज पाचला सुटायचो, पण जरा इकडंतिकडं व्हायचं.

आज मिलच्या भिंतीवर यादी लावली. गर्दी नको म्हणून दुपारी गेलो. शांतम्मा तिथंच. तिला वाचता येत नाही, पण आपला नंबर ती ओळखते. बोट भिंतीवर ठेवून एकेक ओळ खाली येत होती. ११६ वर आली, पुढं ११८. परत वर गेली. परत खाली आली.

मला बघून तिचा चेहराच खुलला. "आलास बाबा! कुटं होतास? बग जरा, माजं कुटं लिवलंय."

माणिकप्पाचा हात माझ्या कॉलरला आला. "सांग की. सांग तिला. एकशेसत्रा कुटं खाल्लास? म्हातारीच्या भाकरी खाऊन तिच्याच घराला टाळं मारतो होय रे भाडखाऊ!"

"सोड त्याला, माणिकप्पा," ती म्हणाली. "राहिलं असंल. लिवता लिवता एकादं राहतंय." आणि मला म्हणाली, "तू हायस की. तू लिवशील."

त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ मार्च

हरकत माणिकप्पानं लिहून घेतली, तिचा अंगठा लावला. पण कागद काय आहेत? पेटी उघडली अखेर. लाइट बिल बालाजीच्या नावाचं. रेशनकार्डावर पहिलं नाव बालाजीचं. सर म्हणाले, "तिच्या नावाचा कागद नाही आणि तीन फोटो तिच्या विरुद्ध. शेजाऱ्यांची साक्ष सगळेच आणतात, ती धरत नाहीत. आता एकच गोष्ट चालेल, सर्वेक्षकानं लिहून द्यायचं की माझ्या नोंदी खोट्या होत्या."

"देतो की."

"देतो की काय? तू खोट्या नोंदी केल्या असं सहीनिशी लिहून देणार. ही एजन्सी काढेल, दुसरी घेणार नाही. आणि मग विचारतील, एक खोटी तर बाकीच्या खऱ्या कशावरून? मलाही विचारतील." मग जरा हळू म्हणाले, "चूक तुझी एकट्याची नाही, डेटा वर पाठवण्याआधी मी तपासायला हवं होतं. पण विचार कर. सुनावणी एकोणीसला आहे."

विचार करायला बसलो तर भलतंच काहीतरी डोक्यात येतं. ती कुलूप हातात घेऊन माझी वाट बघायची, हेच येत राहिलं.

१६ मार्च

खोली सोडली. बॅग घेऊन बसस्टँडवर गेलो. हैदराबादला जायचं ठरवलं होतं. फरशीवाला घेईल परत.

स्टँडवर एक माणूस तुटलेल्या छत्र्या दुरुस्त करत होता. मार्च महिन्यात छत्र्या! मी विचारलं तर म्हणाला, "आत्ता कुणाला नड न्हाई, म्हणून तर सवडीनं होतंय." तारा कशा सरळ करतो ते बघत बसलो. गाडी लागली आणि गेलीही. चुकली म्हणायची.

दीड तासानं दुसरी आली. ती चुकली असं म्हणता येणार नाही. मी गाडीच्या दाराजवळच उभा होतो. कंडक्टर म्हणाला, "येतो का, नाही?" मी म्हणालो, नाही.

परत खोलीवर आलो. मालकानं किल्ली दिली.

१९ मार्च

सुनावणी वॉर्डातल्या समाजमंदिरात होती. एका टेबलामागं सुनावणी घेणाऱ्या मॅडम, शेजारी अंबरीश सर. बाहेर ही गर्दी. ११७ पुकारलं. शांतम्मा, माणिकप्पा आणि मी.

मी कागद पुढं केला. काल दिवसभर लिहिला होता. 'दि. २४ जानेवारी, ३१ जानेवारी व १० फेब्रुवारी रोजी सदर घर बंद नव्हते. मी तेथे जेवत होतो.' सरांनी मान खाली घातली.

मॅडमनी दोनदा वाचलं. "जेवत होता?"

"हो मॅडम."

"मग फॉर्म का नाही भरला? अर्ध्या तासाचं काम. रोज जात होतास, मग का नाही भरला?"

मी म्हणालो, आळस मॅडम. तेच खरं आहे. दुसरं काय असणार?

मग त्या शांतम्माकडं वळल्या. "आजी, हे कुलूप तुम्ही लावलंत?"

"मीच लावलं."

"कशासाठी?"

शांतम्मानं माझ्याकडं बघितलं, मग टेबलाकडं. "त्यो आत बसला की फारम भरायचं म्हनायचा. फारमात पोराचं इचारतेत. कुलूप लावलं की त्या दिवसाचं टळायचं."

मी हे पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटायचं, तिला गंमत वाटते.

मॅडमनी माझा कागद पुढं ओढला. मग लिहिलं, 'फेरतपासणी, अन्य सर्वेक्षकाकडून.' मला म्हणाल्या, "टॅब इथंच ठेवा."

बाहेर आल्यावर माणिकप्पानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. शिवी दिली, पण हलकी.

२७ मार्च

नवी सर्वेक्षक आली, मृण्मयी नाव. चटपटीत मुलगी. मला येऊ देणार नव्हते, पण लांब उभं राहायला कुणाची हरकत नव्हती.

पेटी दारातच उघडी ठेवलेली. मृण्मयीनं लाइट बिल, रेशनकार्ड, नवऱ्याचा मिलचा पास, एकेक फोटो काढला. वीस मिनिटंही लागली नाहीत. मग विचारलं, "आजी, घरात सध्या किती जण राहतात?"

शांतम्मा लुगड्याचा पदर नीट करत होती. करतच राहिली.

"आजी?"

"एकटी," ती म्हणाली.

"मुलगा?"

"म्हनलं की. एकटी."

मृण्मयीनं एक दाबलं. पुढचा प्रश्न आला, नळ आहे का. त्याच्या पुढं, संडास कुठं. त्या सगळ्याची उत्तरं शांतम्मा देत होती, अगदी बरोबर, आवाजही तोच. पण तिनं एकदाही मान वर केली नाही.

फोटोची वेळ आली. ती दारात उभी राहिली, कुणी सांगायच्या आत. मृण्मयीनं टॅब धरला, खाली घेतला. "दादा, जरा बाजूला व्हा ना. फ्रेममध्ये येताय."

मी किती जवळ आलो होतो मलाच कळलं नव्हतं. बाजूला झालो.

झालं. ११७ आता यादीत येणार. मृण्मयी म्हणाली, आठ दिवसांत पुरवणी यादी लागेल, आजी, काळजी करू नका. माणिकप्पानं सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं. शांतम्मा सगळ्यांना हो हो म्हणाली. पेटी उचलून आत नेली. मी थोडा वेळ उंबऱ्याशी थांबलो. दुपारची वेळ होती, आत तवा वाजल्याचा आवाज आला.

ती 'ऊटा आतेनु' म्हणाली नाही. कामाच्या गडबडीत विसरली असेल.